बोथट पावलाची छिन्नी

आमच्या पौडच्या दुकानात एका भिंतीला विळे, खुरपी आणि कोयते टांगलेले असत आणि समोरच्या भिंतीला माणसाची छाती उघडायची हत्यारं. नवं गिऱ्हाईक आधी विळ्यांकडे बघायचं, मग तिकडे, मग माझ्या तोंडाकडे. "हे काय?" असं कुणी विचारलं की मी "मोठा अडकित्ता" म्हणून सांगत असे. ते अगदीच खोटं नव्हतं. बरगडी कापायची कात्री दिसते अडकित्त्यासारखीच. दांडे तेवढे हातभर लांब.

लोहाराच्या भिंतीवर ही हत्यारं आली कशी, ते आधी सांगतो. एकोणीसशे साठच्या आगेमागे क्षयाचे रोगी फार. औषधं निघाली होती, पण सगळ्यांना पुरत नव्हती आणि सगळ्यांना लागूही पडत नव्हती. अशा काही रोग्यांच्या चार-सहा बरगड्या काढून सडलेलं फुप्फुस दाबून टाकायचे. पुण्याच्या एका रुग्णालयात ही शस्त्रक्रिया होत असे. तिथले छातीचे डॉक्टर एका रविवारी मुळशीच्या धरणाकडे निघाले होते आणि त्यांच्या गाडीच्या कमानीचा पाटा नेमका आमच्या दुकानासमोर तुटला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुपारपर्यंत त्या जागी दुसरा घडवून बसवला. तेवढ्या वेळात डॉक्टर बाजेवर बसून आबा कोयत्याला पाणी कसं देतात ते बघत होते. धरण राहिलंच बघायचं.

पुढच्या आठवड्यात एस.टी.च्या कंडक्टरने दुकानात एक पत्र्याचा डबा आणून दिला. आत स्वच्छ कापडात गुंडाळलेली बरगड्यांची कात्री होती आणि चिठ्ठी होती : 'स्क्रू ढिला आहे, धार गेली आहे. परदेशातून नवी यायला परवाना लागतो, वर्ष जाईल. जमेल का?' आबांना वाचता येत नव्हतं. मी सातवी पास. मी वाचून दाखवलं. आबा म्हणाले, "जमंल का इचारतोय? माजी धार बगून गेलाय न्हवं त्यो?"

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. आबा फाळ आणि कोयते बघत, मी डबा बघत असे. डब्यात काय काय यायचं! हाडावरची साल खरवडायच्या पट्ट्या, बरगड्या फाकवून धरायचा दातेरी चिमटा, तारेची करवत, हाडाला भोक पाडायची आरी. ही आरी बघून आबा म्हणाले होते की चांभाराचीच चोरलेली दिसते. छातीचं मधलं हाड उभं चिरलं की शेवटी ते तारेनं टाके घालून पुन्हा बांधावं लागतं. त्या टाक्यांची भोकं या आरीनं पाडतात. चपलेचं आणि छातीचं शिवणकाम फारसं निराळं नसतं हे मला तेव्हा कळलं.

गावाला मात्र हे पचायला वेळ लागला. कोळवणचे विठू तात्या आमचं जुनं गिऱ्हाईक. भातकापणीच्या आधी दहा विळे एकदम शेवटायला, म्हणजे तापवून नवी धार काढून घ्यायला, आणायचे. ते एकदा विळे बगलेत धरूनच उभे राहिले.

"ह्या ऐरणीवर म्हणं मढ्याची हत्यारं ठोकता तुमी?"

"मढ्याला कोन कशाला कापंल, तात्या?" आबा म्हणाले. "जित्या माणसाला कापत्यात ती."

झालं! तात्यांनी विळे घेतले आणि थेट घोटावड्याच्या लोहाराकडे गेले. दुसऱ्या वर्षी परत आले ते एवढंच म्हणत, "त्येची धार न्हाई टिकत." घरातही तीच तऱ्हा. हत्यारं रुग्णालयातून उकळूनच येत, पण माझ्या बायकोची खात्री पटावी म्हणून मी ती पुन्हा आमच्या तांब्याच्या पातेल्यात उकळली. त्यावर तिने ते पातेलं म्हशीच्या आंबोणाला दिलं आणि माहेरहून दुसरं आणलं.

रुग्णालयाकडून माझी गाठ पडायची ती साळवे सिस्टरशी. नगरकडच्या ख्रिस्ती बाई, उंच, आवाज चढा, ऑपरेशनच्या खोलीतलं प्रत्येक हत्यार त्यांच्या ताब्यात. मला धंद्यातला पहिला धडा त्यांनीच दिला. हत्याराला पाणी देणं म्हणजे ते लाल तापवून एकदम थंड करायचं, मग घासून चकचकीत करून पुन्हा हलकं तापवायचं. लोखंडावर रंग धावतात. आधी गवती पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळ्यावर थांबलात तर धार कडक पण ठिसूळ, निळ्यावर गेलात तर मऊ, मुडपणारी. सुरुवातीला एका छिन्नीला मी पिवळ्यावर पाणी दिलं. कडक धार द्यायची हौस. ती परत आली तेव्हा धारेला तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला होता. सोबत सिस्टरांची चिठ्ठी : 'हा तुकडा कुठे गेला ते सापडेपर्यंत आम्ही जखम शिवली नाही. पाऊण तास शोधला. सापडला.' पुढे एक शब्द नाही. ती चिठ्ठी मी बरीच वर्षं भात्याच्या खांबाला लावून ठेवली होती. त्यानंतर माझी छिन्नी जांभळ्याच्या अलीकडे कधी थांबली नाही.

आता त्या छिन्नीचं सांगतो, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

छातीचं मधलं हाड चिरायची एक खास छिन्नी असते. वर उभी मूठ, खाली पातं, धार पुढच्या अंगाला. पात्याच्या तळाशी, धारेच्या पुढे आलेलं एक चपटं पाऊल असतं, करंगळीच्या नखाएवढं. गळ्याच्या खळगीतून ते पाऊल हाडाच्या मागे सरकवायचं, मूठ उभी धरायची आणि पात्याच्या पाठीवर हातोडीचे ठोके देत पुढे जायचं. रुग्णालयात अशी एकच छिन्नी होती. माझ्याकडे ती आधी एकदा येऊन गेली होती. चिठ्ठीत फक्त 'धार लावणे' असं होतं. मी धार लावली आणि पाठवून दिली. ते पाऊल कशासाठी, हे ना मी विचारलं ना मला कुणी सांगितलं.

त्याच सुमाराला माझी थोरली बहीण ठकूअक्का आजारी पडली. तिला कोळवणला दिलेली. आई लवकर गेल्यामुळे मला तिनेच कडेवर वाढवलेलं. क्षय बरा झाला म्हणता म्हणता तिचं पोट फुगायला लागलं, पाय सुजले, दोन पावलं चालली की दम. पुण्याला नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं आहे, नामदेव. पण त्याच्यावरची पिशवी क्षयामुळे कडक झाली आहे, चुन्याचा थर बसावा तशी. आतल्या आत आवळलं जातंय. छाती मधोमध उघडून ते साल सोलून काढायला हवं." सिस्टरांनी दर दोन-तीन दिवसांनी तिच्या पोटातलं पाणी काढायला सुरुवात केली आणि छिन्नी माझ्याकडे पाठवली. या वेळी चिठ्ठीत लिहिलं होतं, 'तुमच्या बहिणीसाठीच आहे.'

मी त्या छिन्नीपाशी दोन दिवस बसलो. दुसऱ्या कामाला हात लावला नाही. धार अशी काढली की हातावरचे केस सुटावेत. मग ते पाऊल दिसलं. एवढ्या सुरेख पात्याच्या तळाशी हा बोथट गोळा! मला वाटलं, कुणा आळशी कारागिरानं धार अर्ध्यात सोडली आहे. अक्काच्या हाडात हे अडकायचं, ठोके जास्त बसायचे. आबांचं आयुष्यभराचं एकच म्हणणं : आपल्या भात्यापासनं बोथट काय भाईर पडायचं न्हाई. मी कानस घेतली आणि त्या पावलालाही धार काढली. आबांनी अंगठ्यानं चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "वस्तरा केलास, नामा!" ते असं क्वचितच बोलत. मी खुशीत डबा बांधला.

चौथ्या दिवशी दुपारी रुग्णालयाची जीप दुकानासमोर थांबली. डॉक्टर उतरले, मागोमाग साळवे सिस्टर. माझ्या मनात आलं, अक्का गेली. सिस्टर माझा चेहरा बघून लगेच म्हणाल्या, "जिवंत आहे. उपाशी आहे आणि चिडली आहे, पण जिवंत आहे."

डॉक्टरांनी छिन्नी ऐरणीवर ठेवली. "हे कुणी केलं?"

आबा पुढे झाले. "माज्या पोरानं. बगा की, मागचं कुनी अर्दवट सोडलं हुतं."

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खाटकाकडून बोकडाच्या छातीचं हाड मागवलं. सिस्टरांनी पिशवीतून रबराचा जुना हातमोजा काढला, आमच्या रांजणातलं पाणी त्यात भरलं, तोंड बांधलं आणि तो फुगलेला मोजा त्या हाडाखाली ठेवला. डॉक्टरांनी छिन्नी माझ्या हातात दिली. "चालवा."

पाऊल हाडाखाली घातलं आणि ठोके दिले. एक, दोन. तिसऱ्या ठोक्याला हाडाखालून पाणी वाहायला लागलं आणि ऐरणीच्या ठोकळ्यावरून माझ्या पायावर आलं.

  हाडाच्या मागे लगेच काय असतं ते मला त्या पाण्यानं सांगितलं. ते पाऊल हाड कापायला नव्हतंच. धार हाड कापत जाते तेव्हा हे बोथट पाऊल मागच्या मऊ भागाला हाडापासून हळूच बाजूला लोटत पुढे सरकतं. ते हृदयाला राखतं. मी त्या राखणदाराच्या हातात सुरी दिली होती.  मी खालीच बसलो आणि मोठ्यानं रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सिस्टरांची रीत अशी, की हत्यारं उकळायला टाकण्याआधी सकाळी एकेक तपासायची. धारेचं हत्यार ओल्या कापडावर, बोथट हत्यार जुन्या रबरी मोज्यावर. मोजा टरकला आणि त्या धावत डॉक्टरांकडे गेल्या. अक्का तेव्हा ऑपरेशनचा झगा घालून, पहाटेपासून पोटात पाणी नाही अशी, दाराबाहेर ढकलगाडीवर आडवी होती. तिला परत खाटेवर नेलं. मोज्यावरून ते पाऊल फिरलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

"चूक आमचीही आहे," डॉक्टर म्हणाले. "हत्यार काय करतं ते सांगितलं नाही, फक्त धार लावा म्हटलं. आता हे पाऊल घासलं गेलंय, परत वाढणार नाही. मुंबईत मागून बघितली, त्यांच्याकडेही एकच आहे. तुमच्या बहिणीला फार दिवस थांबवता येणार नाही. आठ दिवस. नवी घडवता येईल?"

माझ्या मनात आलं : ज्यानं हे केलं त्यालाच पुन्हा सांगताय? आबाच म्हणाले, "घडवंल. न्हाई घडवली तर ह्यो भाता मी इझवून टाकतो."

डॉक्टरांच्याच गाडीचा तो तुटका पाटा आम्ही बदलून टाकला होता, तो कोपऱ्यात पडलेला होता. पोलाद उत्तम. त्यातून छिन्नी घडवायला घेतली. पहिली पाणी देताना वाकली. दुसरीचं पाऊल जाड झालं, बोकडाच्या हाडामागे शिरेना. पातळ केलं की कड यायची, कड आली की मोजा फाटायचा. लोहाराच्या हाताला धार काढायची सवय. कानस लागली की हात आपसूक धारेकडेच वळायचा. तिसऱ्या दिवशी मी वैतागून छिन्नी फेकली. आबांनी ती उचलली.

"आरं, बोथट म्हंजे काय नुसती धार मारायची आसं न्हाई," ते म्हणाले. "बोथटालाबी कारागिरी लागती. चिंचोका बगितलायस का? कुटंबी हात फिरीव, टोचत न्हाई. आन् पातळ तर हायच की."

त्यांनी खरंच एक चिंचोका आणून ऐरणीवर ठेवला. मी त्याच्याकडे बघत पाऊल घासत गेलो. कानस, मग बारीक दगड, मग राख, मग ओलं चामडं. धारेचा भाग जांभळ्यावर, पावलाचा त्याहून थोडा मऊ, म्हणजे ताण आला तरी टवका उडणार नाही. दोन दिवस बोकडाची हाडं चिरत होतो. खाटकानं विचारलं, घरात कुणाची सोयरीक जमली का. सिस्टर मोजे ठेवून गेल्या होत्या. एकूण एक मोजा पाण्यानं भरून हाडाखाली घातला. शेवटचे सात ओळीनं जसेच्या तसे निघाले. मग ती छिन्नी पुण्याला नेऊन निकेल चढवून घेतली आणि डबा या वेळी कंडक्टरकडे दिला नाही. मांडीवर घेऊन गेलो.

सिस्टरांनी तपासायचा मोजा पुढे घेतला, त्यावरून पाऊल फिरवलं, मग उलटं फिरवलं. मग मोजा बाजूला ठेवला आणि आपल्या मनगटाच्या आतल्या नाजूक कातडीवरून फिरवलं. "चालेल," म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मी दाराबाहेर बाकावर बसलो होतो. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण मी आयुष्यभर ठोके ऐकत आलेला माणूस. हातोडीचा पहिला ठोका ऐकला आणि कळलं, पाऊल नीट बसलंय. आवाज भरीव होता. दुसरा, तिसरा. तिसऱ्याला माझ्या अंगाला घाम फुटला. चौथा. धार अडखळत नव्हती, प्रत्येक ठोक्याला सारखी पुढे जात होती. अकरा ठोके मी मोजले. बाराव्याचा आवाज पोकळ आला. हाड संपलं होतं. त्यानंतर शांतता. आत कुणी ओरडलं नाही, धावलं नाही. नुसते चिमटे ताटात पडल्याचे आवाज. तेव्हा मी पहिल्यांदा पाठ भिंतीला टेकवली. पुढचे तीन तास मी कसे काढले ते आठवत नाही.

अक्का वाचली. महिन्याभरात पोट उतरलं, पाय पहिल्यासारखे झाले. वर्षाच्या आत ती कोळवणच्या खाचरात आवणाला, भाताच्या लावणीला, उभी होती. थंडीत मात्र तक्रार करायची, "छातीतली तार दुखती रं."

तिला ऑपरेशन आठ दिवस पुढे का गेलं ते मी सांगितलं नाही. 'औषध यायचं होतं' असं सांगितलं. सांगायची हिंमत झाली नाही, हे खरं कारण. मनाला खात राहिली ती आणखी एक गोष्ट. आधीच्या वेळी, परक्या रोग्यासाठी, मी त्या पावलाला हात लावला नव्हता, कारण मला घाई होती. निष्काळजीपणानं परका सुखरूप राहिला आणि जीव ओतला तर आपलंच माणूस जायची वेळ आली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक हत्याराला मी आधी विचारत असे, तू काय करतोस? चिठ्ठीत नसेल तर पुण्याला जाऊन विचारून येत असे. लोक म्हणत, लोहार भलताच चौकस आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी रुग्णालयात विजेवर चालणारी करवत आली. साळवे सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी ती छिन्नी डब्यात घालून मला पाठवली. या वेळी चिठ्ठी नव्हती, छिन्नीबरोबर फक्त एक रबरी मोजा होता.

त्या वर्षी खंडेनवमीला अक्का कोळवणहून आली होती. आमच्यात त्या दिवशी भाता थंड ठेवतात, हत्यारं धुऊन पाटावर मांडतात आणि प्रत्येकाच्या धारेला कुंकू लावतात. अक्का थोरली म्हणून पूजा तिच्याकडे. पाटावर दोन्ही छिन्न्या होत्या, वस्तरा केलेली आणि बोथट पावलाची. तिचं ताट पाटाशी आलं आणि मला राहवेना. मी तिला सगळं सांगितलं. कानस, मोजा, पाणी, सगळं.

ती ऐकत होती. हळदीकुंकवाचं बोट तसंच वर.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "सिस्टरनं तवाच सांगितलं हुतं. आन् आसंबी म्हनली, भावाला बोलू नगंस, त्याचा हात थरथरंल मग. छिन्नी घडवायची हाय त्याला."

"एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? दिसभर उपाशी ठिवलंस, येवढाच राग हुता. त्यो कवाच गेला."

मग तिने विळ्यांच्या, कोयत्यांच्या, कात्रीच्या धारेला कुंकू लावलं. वस्तरा केलेल्या छिन्नीलाही लावलं. शेवटची छिन्नी हातात घेतली, अंगठा धारेवरून खाली नेला आणि त्या बोथट पावलावर टेकवला. कुंकू तिथेच लावलं.

"अक्का, धारेला लावायचं असतं," मी म्हणालो.

"कापनाऱ्याला समदेच लावत्यात," ती म्हणाली. "मला हिनं राखलं."